चंद्रपूरची दारूबंदी उठवली ते बरोबर झालं का? मला तरी नाही वाटत

इरई_काठ
१ एप्रिल २०१५ ला आमच्या जिल्ह्यात दारूबंदी लागली आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली. कारण काय दिलं तर अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, बायका-पोरं पण त्या धंद्यात ओढली गेली. माझं माहेर मूल तालुक्यात, सध्या नोकरीसाठी पुण्यात असते आणि इथे विषय निघाला की सगळे एका सुरात सांगतात की बंदी कधीच चालत नसते, बिहार बघ, गुजरात बघ.

आमच्या घरापासून देशीचं दुकान चाळीस पावलांवर. बाबा रोवणीच्या मजुरीचे पैसे घेऊन निघाले की वाटेत आधी दुकान लागायचं, मग घर. बंदीत दारू मिळतच नव्हती असं मी म्हणणार नाही, मिळत होती, पण कोणाला तरी फोन लावा, अंधार पडायची वाट बघा, दुप्पट पैसे मोजा, एवढं सगळं करावं लागायचं आणि रोज पिणारा माणूस आठवड्यातून दोनदा प्यायला लागला. आई म्हणायची, "पैसा घरी येते बाई आता." त्या सहा वर्षांत माझं बारावी आणि नर्सिंग दोन्ही झालं. श्रमिक एल्गार संघटनेच्या बायका २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधानसभेवर चालत गेल्या होत्या त्या काय हौस म्हणून गेल्या नव्हत्या.

सडेतोड_नागपूर
ताई तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं आणि त्यावर वाद घालायचा नाहीच. पण एका घराला फायदा झाला म्हणून जिल्ह्याचं धोरण ठरत नाही ना. माझा मामा बल्लारपूरला असतो, त्यांच्या गल्लीतली १५-१६ वर्षांची पोरं दप्तरात निपा, म्हणजे दारूच्या छोट्या बाटल्या, घालून पोचवायची, शाळा सोडली त्यांनी, कारण एका फेरीला जे मिळायचं ते बापाच्या दिवसभराच्या मजुरीएवढं होतं. त्या पोरांचं काय? आणि पिणारा प्यायचा तो प्यायलाच, फक्त बाटलीत काय आहे ते त्याला कळेनासं झालं. हातभट्टीत मिथेनॉल तयार होतं आणि माणसं मरतात. दुकानातल्या सीलबंद बाटलीने निदान कोणी एका रात्रीत आंधळं होत नाही.

लॅबवाला
मी कॉलेजला रसायनशास्त्र शिकवतो, इथे एक दुरुस्ती करतो कारण हा गैरसमज फार पसरलाय. गूळ नवसागर टाकून जो सडवा लावतात त्यात यीस्ट साखरेचं इथेनॉल करतं, मिथेनॉल अगदी किरकोळ. शेकड्याने माणसं मरतात ती कोणीतरी कारखान्यातलं मिथेनॉल स्वस्त पडतं म्हणून मुद्दाम मिसळतं तेव्हा. जून २०१५ ला मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती अशीच, आणि लक्षात घ्या की मुंबईत तेव्हा बंदी नव्हती, रस्त्यावर परमिट रूम उघडे होते. गरीब माणूस हातभट्टी घेतो ती स्वस्त असते म्हणून. तेव्हा विषारी दारू फक्त बंदीमुळे येते हे काही खरं नाही.

मिथेनॉल लिव्हरमध्ये गेलं की त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड होतं, ते डोळ्याच्या नसेवर जातं. त्रास लगेच होत नाही, बारा-चोवीस तासांनी धुरकट दिसायला लागतं, तोवर माणूस साधा हँगओव्हर समजून झोपून राहतो. असं कोणाचं झालं तर घरी काहीही उपाय करत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि सीलबंद बाटलीचं म्हणाल तर १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध इथेनॉल जातं. लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅम फोडतं. हिशोब तुम्हीच करा, रात्री दहाला क्वार्टर संपवून पहाटे पाचला ट्रक काढणाऱ्याच्या रक्तात अजून दारू असू शकते, आणि कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. इथेनॉल फुटताना मधे ॲसिटाल्डिहाइड बनतं ते डीएनएला इजा करतं, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ लाच अल्कोहोलिक पेयांना कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. देशी, इंग्लिश, वाईन, रसायन एकच.

सडेतोड_नागपूर
मिथेनॉलचं मान्य, माझं चुकलं. पण सर तुमच्याच हिशोबाने तर मग मुंबई-पुण्यातली वाईन पण बंद करा ना! जानेवारी २०२२ ला सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा शेतकऱ्याचं भलं सांगितलं गेलं. बंदी मात्र गडचिरोली, वर्ध्यालाच, आणि २०२१ पर्यंत चंद्रपूरला. शहरातल्याने प्यायली की लाइफस्टाइल आणि मजुराने प्यायली की व्यसन, हा भेद मला पटत नाही आणि कधी पटणार नाही.

कोरची_सध्या_पुणे
हे बोललात ते बरं झालं. मी गडचिरोलीचा गोंड माणूस, आमच्याकडे १९९३ पासून बंदी आहे. मोह आमच्यासाठी फक्त दारू नाही, उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचतात, भाजून खातात, लाडू करतात, देवाला लागतो. बाहेरचा माणूस "मोह म्हणजे दारू" म्हणतो तेव्हा राग येतो. पण तरीही मी बंदीच्या बाजूने आहे, कारण देवाला चढवायची आणि रोज पन्नीत भरून विकायची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विकायची आली तेव्हापासून घरं मोडली. मेंढा-लेखाने बायकांच्या आग्रहावरून सगळ्यांची संमती घेऊन गावात दारू बंद केली, पोलिसांनी येऊन केली नाही. जिथे गावाने स्वतः ठरवलं तिथे टिकलं. आणि आमच्या जिल्ह्यात इंग्लिश कुठून यायची? शेजारून, चंद्रपुरातून. तिथलं उघडलं की आमच्या बंदीला भोक पडतंच.

रात्रपाळी
सरकारी वॉर्डात रात्रपाळी करते. एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, फिट येते, भिंतीवर किडे दिसतात, त्यात माणूस दगावू शकतो. औषधं देऊन, बी१ ची इंजेक्शनं देऊन हळूहळू बाहेर काढावं लागतं. बंदी लावताना तालुक्या-तालुक्यात व्यसनमुक्तीची खाट लावली का? पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, मूल-सिंदेवाहीच्या मजुराने काय एसटीने पुणं गाठायचं? मी बंदीच्या विरोधात नाही हां, पण नुसता कायदा करून दवाखाना दिला नाही तर त्रास परत त्याच बाईला होतो, रात्रभर त्याला धरून तीच बसलेली असते.

इरई_काठ
रात्रपाळी ताई, हे माझ्या आईने केलंय. तीन रात्री. शेजारच्यांना वाटलं अंगात आलंय. तुमचं शंभर टक्के खरं आहे आणि सडेतोड दादांचं पोरांच्या दप्तराचं पण खरं आहे, ते मी पण पाहिलंय. पण मला सांगा, पोरं धंद्यात आली तर पोरांना वापरणाऱ्याला पकडायचं की दुकान परत उघडायचं? हेल्मेट कोणी घालत नाही म्हणून हेल्मेटचा कायदा काढतो का आपण?

दुकान परत त्याच जागी सुरू झालंय. बाबा आता नाहीत पण भाऊ आहे, २४ वर्षांचा. कायद्याने २५ च्या आत देशी-इंग्लिश देता येत नाही, त्याला कोणी वय विचारत नाही.

आता आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान, करायचं ठरवलंय गावातल्या बायकांनी. मतदानाच्या मागणीला लागणाऱ्या पंचवीस टक्के सह्या होतील, त्याची काळजी नाही. अडचण पुढची आहे, दुकान बंद व्हायला झालेल्या मतांच्या नाही तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, म्हणजे जी मतदानाला आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला, दुकान चालू ठेवायला, गेल्यासारखंच. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बायका, लग्न होऊन गेलेल्या मुली, वारलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांची नावं यादीत तशीच आहेत.

सडेतोड_नागपूर
हे मला माहीत नव्हतं. हा नियम अन्यायाचा आहे, बंदीच्या विरोधात असूनही सांगतो. आमदार निवडायला झालेल्या मतांत जास्त मिळाली की पुरतं आणि दुकान बंद करायला अख्ख्या यादीतली निम्मी?

कोरची_सध्या_पुणे
ताई, सह्या द्यायच्या आधी यादी साफ करून घ्या. मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओकडे वारलेल्यांचे आणि कायमच्या गेलेल्यांचे नाव वगळायचे फॉर्म ७ भरा, मृत्यूचे दाखले ग्रामपंचायतीतून मिळतील. मिरचीवाल्या बायका परत कधी येतात?

इरई_काठ
एप्रिलच्या शेवटी, कधी कधी मे. दाखल्यांचं उद्याच ताईला फोन करून सांगते.