मदत हवी आहे : ‘टुमॉरो नेव्हर नोज’मधली कोमल निषादाची जागा पेटीवर कशी वाजवावी?

नमस्कार. बीटल्सचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गाणे तानपुरा, पेटी आणि तबला एवढ्याच साथीवर एका घरगुती बैठकीत सादर करण्याचा आमचा बेत आहे. पेटी माझ्याकडे आहे आणि पहिल्या तालमीपासून एकाच जागी आमचे घोडे अडले आहे.

गाणे पांढरी एकमध्ये आहे. कडवे चार-चार मात्रांच्या आठ आवर्तनांचे आहे. चाल प्रामुख्याने सा, ग, प आणि कोमल नि एवढ्याच स्वरांवर फिरते, त्यामुळे कानाला खमाज थाटाची सावली जाणवते. पहिली चार आवर्तने नुसत्या षड्जाच्या आधारावर जातात, पुढच्या दोन आवर्तनांत वर बी फ्लॅटची कॉर्ड, म्हणजे कोमल नि, रे आणि म, येते आणि शेवटच्या दोन आवर्तनांत पुन्हा षड्ज येतो. एकच छोटी ओळ दोनदा म्हटली जाते, एकदा या कॉर्डवर आणि एकदा षड्जावर.

मी ते तीन स्वर एकत्र दाबले की पेटीतला मध्यम तानपुऱ्याच्या पंचमावर घासतो. आमचे गायक ख्याल शिकलेले आहेत; गेल्या रविवारी त्यांनी त्या जागी गाणे थांबवले आणि मला विचारले, “पेटी सा सोडून गेली, आता मी कुठे उभा राहू?” मी कॉर्ड गाळून नुसता षड्ज धरला, तर मात्र कडव्याचा उत्तरार्ध सपाट होतो आणि गाणे ओळखीचेच वाटत नाही.

बैठकीसाठी एक पानी टिपण लिहिण्याच्या निमित्ताने इतिहास चाळला, तेव्हा हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीसाठी सर्वांत आधी ध्वनिमुद्रित झालेले हे गाणे. लंडनच्या ॲबी रोडवरील ई.एम.आय.च्या स्टुडिओत त्याचे काम ६ एप्रिल १९६६ रोजी सुरू झाले आणि तबकडी ऑगस्टमध्ये बाजारात आली. शब्दांची प्रेरणा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी आणि सहकाऱ्यांच्या १९६४ च्या पुस्तकातून आली, ज्याचा आधार मृत्यूविषयीचा तिबेटी ग्रंथ होता. डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणत आहेत असा आपला आवाज यावा, अशी बीटल्सचे गायक जॉन लेनन यांची मागणी होती आणि त्यासाठी उत्तरार्धात त्यांचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला गेला. दुसऱ्या दिवशी आवाज भरलेल्या टेपची वेटोळी वेगवेगळ्या यंत्रांवर, काही ठिकाणी पेन्सिलींच्या आधाराने ताणून धरून, एकाच वेळी फिरवली गेली. समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटासारखा वाटणारा आवाज हे मुळात वेग वाढवलेले, बीटल्सपैकीच पॉल मॅकार्टनी यांचे हसू आहे.

मूळ ध्वनिमुद्रणातला तंबोरा (तानपुरा) बीटल्सपैकीच जॉर्ज हॅरिसन यांचा आहे. ही रविशंकर यांच्या शिकवणीची देणगी असल्याचे अनेक लेखांत सांगितले जाते, पण तारखा पाहता ते जुळत नाही, कारण दोघांची भेट जून १९६६ मध्ये झाली आणि हॅरिसन सतार शिकायला मुंबईत आले ते सप्टेंबरमध्ये. (याच तबकडीतल्या ‘लव्ह यू टू’ला तबल्याची साथ अनिल भागवत यांची आहे. वेष्टनावर हे नाव वाचताना मराठी नजर क्षणभर थबकतेच.) हॅरिसन यांनी पुढे सांगितले होते की भारतीय संगीत पट्टी बदलत नाही, हे गाणेही एकाच आधारस्वरावर टांगलेले आहे आणि बी फ्लॅटची कॉर्ड त्यावर नंतर चढवलेली आहे.

तर माझा प्रश्न असा, की या जागेला खरा स्वरसंवादातला बदल मानून पेटीने ठामपणे तिकडे जावे, की षड्जावर पडलेली एक छटा समजून ती वरवर दाखवावी? शिवाय तानपुरा पंचमावरच ठेवावा, की मध्यमावर लावून पाहावा?

प्रतिसाद :

मध्यमावर तानपुरा लावू नका. चाल गंधार-पंचमावर उभी आहे, त्यामुळे आज दोन आवर्तनांत होणारे घर्षण उरलेल्या सहा आवर्तनांत पसरेल. मूळ ध्वनिमुद्रणातली बास गिटार, म्हणजे खालच्या स्वरांचा बास, लक्ष देऊन ऐका. वर कॉर्ड बदलते तेव्हाही तो षड्ज सोडत नाही आणि म्हणूनच पाश्चात्त्य गाण्यात पायाचा स्वर खाली उतरल्यावर जे घर बदलल्यासारखे वाटते, ते इथे वाटत नाही. तुमच्या गायकांची अडचण मला कॉर्डपेक्षा तुम्ही ती कोणत्या सप्तकात वाजवता यातली वाटते. मंद्रातला कोमल निषाद दाबलात, तर तो नवा षड्ज असल्याचा भास होणारच. तीच कॉर्ड मध्य-तारात, भाता हलका ठेवून वाजवा आणि खाली खर्जाचा सा एका बोटाने सतत धरून ठेवा.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. मी खरोखरच मंद्रातला निषाद दाबत होतो, कारण कॉर्डचा मूळ स्वर खाली हवा असे गिटारवर शिकताना डोक्यात बसले होते. काल खर्जाचा सा धरून तेच स्वर वर वाजवले, तेव्हा मध्यम-पंचमाची कुरकुर राहिली, पण गायकांनी मध्येच थांबून माझ्याकडे पाहिले नाही. आता तबलजी विचारत आहेत की बीटल्सचे ड्रमवादक रिंगो यांचा ठेका केहरव्यात कसा बसवायचा. त्यासाठी वेगळा धागा काढतो.