लग्नाची फुलं: गुलाब, लिली आणि ऑर्किड एकत्र कसे सांभाळायचे?

मदत हवी आहे. लग्न शनिवारी संध्याकाळी, सजावट घरचीच माणसं करणार. टेबलं 12, प्रत्येकावर 10 गुलाब, 2 लिलीच्या दांड्या, 1 ऑर्किडची. मोडतोड धरून गुलाब 135, लिली 27, ऑर्किड 14.

लिली मंगळवारी मिटलेल्या कळ्यांसकट येईल, कारण उमलायला 3 ते 5 दिवस लागतात. फूल उघडलं की पुंकेसर लगेच खुडायचे. परागाचा डाग कपड्यावरून सहज जात नाही. गुलाब गुरुवारी. दांडी 2 सेंमी तिरकी कापायची, पाण्यात बुडणारी पानं काढायची. ती कुजली की जंतू वाढतात, दांडीतून पाणी चढत नाही आणि फूल मान टाकतं.

अडचण ऑर्किडची आहे. गुलाबाला 2 ते 4 अंश मानवतात, तेवढ्या गारठ्यात ऑर्किड काळवंडतं. फ्रीज मात्र एकच. (फळं त्यातून आधीच बाहेर, पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर म्हातारी होतात.) ऑर्किड शुक्रवारी आणून, दांडीच्या टोकाला पाणी भरलेली छोटी नळी लावून साध्या खोलीत ठेवली तर टिकतील ना? की शनिवारी सकाळीच आणावीत?

दुसरं, फुलं खोचायचा स्पंज. तो पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्यायचा, दाबला तर आत कोरडा राहतो, इतपत ठाऊक आहे. पण गुलाब शुक्रवारी रात्रीच खोचले तर शनिवारी रात्रीपर्यंत ताजे दिसतात का? बादलीतच ठेवून सकाळी खोचायचे, तर 12 टेबलांना दोघांचे किती तास धरावेत?