१८९६ च्या प्लेगमध्ये गटारं धुऊनही साथ का थांबली नाही?

गिरगावकर: सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मुंबईतल्या मांडवीत प्लेग ओळखला. पालिकेने समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक हे जंतुनाशक सोडून गटारं धुतली. तरी साथ पसरलीच. चुकलं कुठे?

निशिगंध: रोग घाणीच्या वाफेतून येतो ही समजूत नडली. प्लेग पसरवते उंदरावरची पिसू. उंदीर मेला, अंग थंड पडलं की पिसवा उतरून माणसाला चावतात. त्यात मांडवीत धान्याची गोदामं, उंदरांना आयताच आसरा! फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी हा दुवा १८९८ मध्ये दाखवला. तो मान्य व्हायला आणखी वर्षं गेली. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पिसवांवर कीटकनाशक, मग उंदीर. उलट केलंत तर उपाशी पिसवा घरभर.

सुश्रुता: शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक फरक जीवनमरणाचा आहे. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, फुप्फुसाचा मात्र खोकल्याच्या थेंबांतून लागतो. रुग्ण खोकत असेल तर मास्क आधी, नाडी नंतर.

भायखळा_लोकल: लसही इथलीच. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगचे जंतू मांसरसात वाढवून ७० अंश सेल्सियसला तासभर तापवून मारले, १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतलं. मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी.