मदत हवी आहे: योग्यकर्ताजवळच्या कासोंगान गावाबद्दल

नमस्कार मंडळी,

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या कासोंगान या कुंभारांच्या गावावर लेख लिहितोय. योग्यकर्ता शहराच्या दक्षिणेला, जेमतेम सात-आठ किलोमीटरवर, बांतुल जिल्ह्यात. मूळ शहराचं क्षेत्रफळ अवघं 32.5 चौ. किमी, त्यामुळे शहराची वाढ शेजारच्या स्लेमान आणि बांतुल जिल्ह्यांतल्या भातशेतीवर येते.

पूर्वी इथे घरगुती मडकी आणि भांडीच घडत. 1970च्या दशकात चित्रकार साप्तो हुदोयो यांनी कुंभारांना शोभेच्या वस्तूंकडे वळवलं. मला सगळ्यात भावली ती 'लोरो ब्लोन्यो' ही जोडी: शेजारी शेजारी बसलेले वधूवर, म्हणजे देवी श्री आणि तिचा जोडीदार सदोनो. श्री तिथे भाताची देवी. आपली लक्ष्मीच आठवते हो!

27 मे 2006च्या भूकंपात बांतुलचं अतोनात नुकसान झालं, साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातून हे गाव कसं उभं राहिलं, हे लेखात यायलाच हवं.

आता अडलंय ते असं. योग्यकर्ता भागात राहणारं किंवा राहून आलेलं कुणी आहे का? कुंभार आता माती कुठून आणतात? पुढची पिढी चाकावर बसते, की शहरात नोकरी धरते? आणि शेतजमीन विकताना गावचा 'लुराह' (सरपंच म्हणावं का त्याला?) काही अडवू शकतो का?

ऐकीव नको, पाहिलेलं सांगा. जावानीज येणारं कुणी ओळखीचं असेल तर नक्की जोडून द्या, फार उपकार होतील.