मदत हवी आहे: शहादा (इस्लाम स्वीकारताना द्यायची ग्वाही) एकट्याने म्हटली तर चालते का?

नमस्कार मंडळी. वर्षभर कुराणाचा अनुवाद वाचतोय आणि आता मनापासून इस्लाम स्वीकारायचा आहे. कुणाची जबरदस्ती नाही. धर्मात सक्ती नाही हे कुराणातच (२:२५६) आहे.

मला समजलं ते असं: अर्थ जाणून, मनापासून शहादा म्हणायची, म्हणजे अल्लाहशिवाय कुणी उपासनेस पात्र नाही आणि मुहम्मद (स.) त्याचे प्रेषित आहेत अशी ग्वाही द्यायची. मग गुस्ल, म्हणजे पूर्ण अंघोळ, आणि पाच वेळची नमाज सुरू. नावाचा अर्थ वाईट नसेल तर ते बदलावं लागत नाही, हे वाचून फार बरं वाटलं. नाव आईने ठेवलंय.

अडतंय ते इथे. मी शहादा घरी एकट्याने म्हटली तर ती पुरेशी आहे ना, की मशिदीत साक्षीदारांसमोरच म्हणावी? अरबी उच्चार चुकतात, नमाजेत म्हणायच्या अल-फातिहाच्या (कुराणाच्या पहिल्या अध्यायाच्या) सातही आयती अजून पाठ नाहीत. तोवर नमाज कशी पढायची? आणि घरच्यांना कधी सांगितलंत? त्यांना दुखवायचं नाही, लपवायचंही नाही. या वाटेने गेलेल्यांनी कृपया स्वतःचा अनुभव सांगा.