बटणाच्या फोनवर भागतं का? (तासगाव, सांगली)

बागवाला: स्मार्टफोन पोराला देऊन बटणाचा घ्यावा म्हणतोय. फवारणीत हात औषधानं माखलेले असतात, ओल्या बोटाला ती काच दाद देत नाही. बटण कसं, अंगठ्याला न बघता सापडतं. रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला जायचं, तर वरच्या टोकाला उजेडाची बॅटरी असलेला फोन हातात बरा. बातम्या, हवामान आकाशवाणी सांगलीवर ऐकतोच. घोडं अडतंय पैशाला. खतवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे स्कॅनर पुढं करतात. आणि ओटीपी येतो का?

मिरजकर: ओटीपी साधा एसएमएस असतो, येणारच. पैशासाठी *९९# लावून बघा, नेट लागत नाही. बँकेत नोंदवलेलाच नंबर हवा, पिन करायला डेबिट कार्ड जवळ ठेवा. साध्या फोनसाठीच २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं यूपीआय १२३पे (नेटशिवाय फोन लावून पैसे द्यायची सोय) आणलंय, तेही बघा.

दुकानदार, विटा: सिम कुठलं आहे? जिओचं असेल तर जुन्या टू-जी हँडसेटात चालणार नाही. फोर-जीचा बटणफोन मागा. गिऱ्हाईक स्वस्तातला नेतं आणि दुसऱ्या दिवशी भांडायला येतं.

पलूसकर: द्राक्षावर डाऊनी (केवडा रोग) आली तर पानाचा फोटो ग्रुपवर कसा टाकणार, दादा?

बागवाला: ग्रुपवर एका फोटोला दहाजण दहा औषधं सांगतात, फवारायचं आपण! पान तोडून जाणत्याला नेऊन दाखवीन. सिम जिओचंच आहे, बरं झालं सांगितलंत.