निळ्या स्प्रूसच्या आतल्या सुया जांभळट होऊन गळतायत: खत घालू का?

अंगणवाला
डेट्रॉइटजवळ, मिशिगन. मागच्या अंगणात कोलोरॅडो ब्लू स्प्रूसची (सुयांसारख्या पानांचं सूचिपर्णी झाड) तीन झाडं, वय साधारण 18 वर्षं, उंची 20 फूट, एकमेकांपासून 8 फुटांवर. मधल्या झाडाच्या जमिनीलगतच्या फांद्यांवर आतल्या सुया आधी पिवळ्या पडल्या, आता जांभळट तपकिरी होऊन गळतायत. टोकाच्या सुया हिरव्या, वरचा अर्धा भाग ठीक. उन्हाळ्यात लॉनचे स्प्रिंकलर रोज संध्याकाळी चालतात. एप्रिल संपत आला, कोंब अजून फुटलेले नाहीत. नर्सरीवाले खत घाला म्हणतात.

सुरूबन
खत राहू द्या. अन्नद्रव्य कमी पडलं असतं तर तिन्ही झाडं फिकी दिसली असती.

10 पटींचं भिंग घ्या. खाली पडलेली नको, फांदीवरचीच पिवळी किंवा तपकिरी सुई तोडा. सुईच्या लांबीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा दिसतील, ती तिची रंध्रं. निरोगी सुईत ती पांढरीच असतात. त्याच रांगांत काळे गोल ठिपके वर आले असतील, काहींच्या डोक्यावर मेणासारखी पांढरी टोपी असेल, तर ऱ्हायझोस्फेरा बुरशी. ठिपके केसाळ, विस्कटलेले असतील तर स्टिग्मिना ही दुसरी बुरशी. यात भल्याभल्यांची गफलत होते.

कुठल्या वर्षाची सुई गळतेय तेही मोजा. शरदात अगदी खोडाकडच्या, पाच-सहा वर्षं जुन्या सुया गळणं हा झाडाचा स्वभाव आहे. गेल्या वर्षाच्या वाढीमागच्याच सुया जात असतील तर रोग.

कोळीष्टक
भिंग हाती आहे तर कोळीही (सुयांचा रस शोषणारी बारीक कीड) बघून घ्या. फांदीखाली पांढरा कागद धरून चार टपल्या मारा. सावकाश चालणारे बारीक ठिपके म्हणजे बहुधा स्प्रूसचा कोळी. भराभर पळणारे त्याला खाणारे, त्यांना हात लावू नका. हा कोळी थंड हवेतला, वसंत आणि शरदात वाढतो. जुलैत सुया भुरकट दिसतात, पण कागदावर फारसं काही पडत नाही आणि माणूस भलतंच औषध मारून बसतो. सापडलाच तर सकाळी जोराच्या पाण्याने फांद्या आतून धुवा, म्हणजे दिवसभरात वाळतील. बागायती तेल मारलंत तर सुयांवरचा निळा मेणाचा थर जातो आणि झाड साधं हिरवं दिसतं. कार्बारिल हे कीटकनाशक तर नकोच. त्याने भक्षक मरतात आणि कोळी उलट वाढतो.

अंगणवाला
कागद कोरा. भिंगातून काळ्या ठिपक्यांच्या रांगा दिसल्या, काहींवर पांढरी टोपी. पण एक फांदी निराळी आहे: टोकापर्यंत अख्खी तपकिरी, सालीवर निळसर पांढऱ्या राळेचे ओघळ.

सुरूबन
म्हणजे दोन रोग. राळेची फांदी सायटोस्पोराची, म्हणजे फांद्या वाळवणाऱ्या बुरशीची वाटते. त्यावर फवारणीचा उपयोग नाही. कोरड्या हवेत ती खोडाजवळच्या फुगीर कड्यापर्यंत कापा, कड्याला धक्का नको. प्रत्येक कापानंतर करवत 70 टक्के अल्कोहोलने पुसा.

ऱ्हायझोस्फेरा वसंतात कोवळ्या सुईत शिरते आणि ती सुई साधारण 12 ते 15 महिन्यांनी गळते. म्हणून फवारणी जुन्या सुया वाचवत नाही, फक्त नव्या वाचवते. क्लोरोथॅलोनिल किंवा तांब्याचं बुरशीनाशक (बोर्डो चालतं): पहिला हात नव्या सुया निम्म्या वाढल्यावर, दुसरा तीन ते चार आठवड्यांनी. मात्रा डब्यावरच्या लेबलप्रमाणे, आणि लेबलवर स्प्रूसचं नाव आहे ना ते बघा. खालच्या फांद्या आतून भिजल्या पाहिजेत. लागोपाठ दोन वर्षं करा. एकाच हंगामानंतर झाड तसंच उघडं दिसतं, आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. क्लोरोथॅलोनिल डोळ्यांना झोंबतं, गॉगल लावा.

बुंधा
फवारणीआधी स्प्रिंकलर वळवा, सुया रात्रभर ओल्या राहतायत. झाडाला पाणी मुळाशीच, पाऊस नसेल तर आठवड्याला एक इंच. आच्छादन तीन इंच, खोडापासून हातभर दूर.

हे झाड मूळचं रॉकी पर्वतातल्या कोरड्या हवेचं. मिशिगनच्या दमट उन्हाळ्यात, त्यात आठ फुटांवर दाटीने, ते कुरकुरणारच. फांदी तीन-चार वर्षं ओळीने उघडी पडली की मरते आणि खालची पोकळी पुन्हा भरत नाही. आडोशासाठी लावली असतील तर मधलं काढून बाजूच्या दोघांना हवा मोकळी करा. नवं लावायचं तर नॉर्वे स्प्रूस, त्याला हा रोग फार कमी लागतो.

औषध विकत घेण्याआधी अर्धी आजारी, अर्धी हिरवी अशी फांदी ईस्ट लान्सिंगला मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या रोगनिदान प्रयोगशाळेत द्या. पूर्ण वाळकी नको, तिच्यावर नंतरच्या बुरश्या बसलेल्या असतात.